अर्धा मीटर जास्त

वसंत माझ्याकडे सारोळ्याहून येतो. टेम्पोतून, पोत्यात शिवलेला, आणि तोही माघातल्या थंडीत. भोरच्या बाजूला पांगाऱ्याला अजून कळी धरलेली नसते, सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना पत्रा हाताला गार लागतो, आणि मोबाईलवर पुण्याच्या कपडेवाल्या मुलींचा निरोप येतो, "काकू, स्प्रिंगचं कापड पाठवलंय, सारोळ्याला उतरवून घ्या." उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. पण शहरातल्या फॅशनचं हे असंच असतं म्हणे, ऋतू यायच्या दोन महिने आधी त्याचे कपडे टांगलेले हवेत. म्हणून मी दर वर्षी नीरेच्या पुलाजवळ उभी राहून वसंत ताब्यात घेते, एसटीत मांडीवर धरून भोरला आणते आणि दुकानातल्या फळीवर ठेवून देते.

या वर्षीही आला. पोतं उसवलं तर सगळ्यात वर पांढरं सुती कापड. कोऱ्या कापडाला खळीचा एक वास असतो, पावसाळ्यात ओल्या भिंतीला येतो ना, काहीसा तसा. लोकांना तो वास आवडतो. मलाही आवडायचा. आता नाही आवडत. सहा वर्षांपूर्वीच्या वसंतात मी असल्याच एका पांढऱ्या कापडावरून एका बाईशी खोटं बोलले, आणि तेव्हापासून हा वास आला की मी कापडाची घडी उलटी करून ठेवते.

मी शिवणकाम करते. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीतून लग्न होऊन भोरला आले तेव्हा मला साधी उशीची खोळ शिवता येत नव्हती. शिकवलं ते सासऱ्यांनी. त्यांचं हे दुकान एसटी स्टँडसमोर, एका खणाचं. मामंजी बोलायचे कमी, पण दोन गोष्टी त्यांनी माझ्या डोक्यात हातोडीनं ठोकाव्यात तशा बसवल्या. पहिली, कापायच्या आधी दोनदा मोजायचं. दुसरी, उरलेला तुकडा हाताच्या पंजापेक्षा मोठा असेल तर तो गिऱ्हाइकाचा. घडी घालून कपड्याच्या आत ठेवायचा, न सांगता. "तळव्याएवढं आपलं, त्येच्या म्होरलं त्येंचं," असं ते म्हणायचे. आमच्या दुकानाची जी काही अब्रू होती ती त्या घडीतल्या तुकड्यांत होती. मामंजींच्या माघारी ती मी सांभाळली, असं भोर समजतं.

त्या वर्षी मैथिली पहिल्यांदा आली. पुण्याची मुलगी, तिशीच्या आतली, डोळ्यांवर मोठा गोल चष्मा. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं कपड्यांचं नवं लेबल काढलं होतं, आणि त्यांना हातानं नीट काम करणारी माणसं हवी होती. कुणीतरी माझं नाव सांगितलं. दुकानातल्या बाकावर मांडी घालून तिनं मला समजावलं, "काकू, सात कपडे. फक्त सात. दोन पँट, तीन कुडते, एक शर्ट, एक जॅकेट. सगळे एकमेकांवर जातात. जुळवत गेलं तर महिनाभर बाईला रोज नवीन दिसता येतं. स्प्रिंगचा पूर्ण वॉर्डरोब." रंग तिनं कागदावर चिकटवून आणले होते, शेवाळी, मातकट, फिका गुलाबी आणि पांढरा. मला गंमत वाटली. म्हटलं, पोरी, आमच्याकडं एका लुगड्यात जन्म जुळवतात. आधी ते लग्नाला, मग जत्रेला, मग बाजाराला, मग शेतात. विटलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की चुलीजवळचं फडकं, आणि फडकं संपलं की त्याची चिंधी बोटाला. ती हसली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. मुलगी गोड होती. पुढं जे झालं त्यात तिचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून टाकते.

तिचे नमुन्याचे कपडे मी दुकानात दर्शनी टांगले. भोरच्या बायका येऊन बोटानं चाचपायच्या, "ह्ये असं ढगळ? शिवता शिवता सोडून दिलंय का?" म्हणून हसायच्या. हसली नाही ती एकटी विमल.

विमल भाटघरच्या बाजूच्या एका गावातली. तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. तिच्या लेकीच्या, प्रज्ञाच्या, शाळेच्या गणवेशापासून आमची ओळख. भोरला आली की परतीच्या गाडीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. मी शिवायची, ती बटणं लावून द्यायची, बोलणं चालू. तिची स्वतःची शिलाई म्हणजे वर्षाला एक ब्लाउज. तोही पांढरा, जयंतीचा. त्यांच्या वस्तीतल्या विहारात चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळ्या बायका पांढरं नेसतात.

तिनं तो पांढरा कुडता हँगरवरून काढला, अंगाला लावला, आणि खिशात हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. पंचेचाळिशीच्या बाईला खिसा सापडला होता.

"ताई, असला मला शिवाल का वो?"

"तू कुडता घालणार?"

"औंदा मला बोलायला सांगितलंय जयंतीला." हे सांगताना ती उगाच खिशात काहीतरी शोधत होती. "वीस वर्सं मी मागं बसून तांदूळ निवडलं, भात वाढला. औंदा पोरी म्हनल्या, विमलमावशी बोलंल. कागद हितं ठीवीन. खिशात. हातात घेतला का हात कापतो माझा. खिशात असला का नुसता हात लावायचा, की आठवंल सगळं."

तेव्हा माघ होता, बाहेर स्टँडवर गाड्या लागत होत्या, आणि एक बाई आरशासमोर खिशात हात घालून भाषण करायची तालीम करत होती. मी हातातलं काम सोडून बघत बसले. नव्या लेबलवाल्यांनी सात कपड्यांत जो वसंत बसवला होता, तो या बाईनं एकाच कपड्यात बसवला होता.

कापड आणायला आम्ही दोघी बाजारपेठेत गेलो. नमुना सोबत घेतला होता. तिसऱ्या दुकानात अगदी तसंच पांढरं मिळालं, पण ताग्याचं शेवटचं. दुकानदारानं मोजलं, बरोबर अडीच मीटर भरलं. "पुरंल का?" विमलनं विचारलं. "पुरून उरेल," मी म्हटलं. दुकानात येऊन मी तिची मापं घेतली. ती श्वास आत ओढून उभी राहिली. मी म्हटलं, सोड गं श्वास, कपडा शिवायचाय, फोटो नाही काढायचा. ती खळखळून हसली. त्या हसण्यापर्यंत मी तिची मैत्रीण होते.

माझ्या दुकानात भिंतीला तीन खिळे आहेत. कापडाच्या पिशव्या अडकवायचे. पहिल्या खिळ्याला भांडणाऱ्यांच्या पिशव्या, म्हणजे ज्यांना एक दिवस उशीर झाला तर ते दुकानात उभं राहून गाव गोळा करतील. दुसऱ्याला मानाच्या, बड्या घरच्या, जत्रेच्या कपड्यांच्या. आणि तिसऱ्याला आपल्या माणसांच्या. आपली माणसं समजून घेतात, म्हणून शेवटी. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, पण दर शिंप्याच्या भिंतीवर हे तीन खिळे असतात, दिसत नसले तरी. विमलची पिशवी तिसऱ्या खिळ्याला गेली. मैथिलीचं पोतं तर खिळ्यावर मावतच नव्हतं, ते कापायच्या टेबलावरच बसलेलं.

शिमगा झाला आणि उन्हं चढली. चैत्रातल्या जत्रा तोंडावर आल्या. परकर, झबली, पोलकी, नवरदेवाच्या बहिणीचं अमुक, पाटलीणबाईंचं तमुक. त्यात मैथिलीचा फोन, "काकू, फोटो काढायचे आहेत, परवा सकाळी कपडे हवेत." फोटो काढायची जागाही मीच सुचवली होती, वेल्ह्याकडे, माझ्या माहेरच्या वाडीजवळ, जिथं माळावर पळस फुलतो. माझ्याच जिभेला हाड नाही.

एका दुपारी मी शेवटचा पांढरा कुडता कापायला घेतला. कुडत्याचा पुढचा भाग आणि पाठ एकावर एक ठेवून कापतात. आधी पाठीचा गळा उथळ कापायचा, मग पाठ बाजूला काढायची आणि पुढचा गळा खोल करायचा. हे मी झोपेतही करेन. पण त्या दुपारी दारात पाटलीणबाई उभ्या होत्या, ब्लाउजच्या नाड्यांवरून मला ऐकवत होत्या. मी मान वर करून "हो हो" म्हणत कात्री चालवली, आणि पाठ बाजूला काढायची राहिली. कात्रीनं दोन्ही गळे खोल कापले. कुडत्याची पाठ पार खांद्यांच्या खाली उघडी पडली.

पाटलीणबाई गेल्या. मी ती पाठ हातात धरून बसले. मैथिलीचं कापड संपलेलं. पुण्याहून मागवायचं तर परवा सकाळपर्यंत येणार नाही. आणि मैथिलीला "माझं चुकलं" म्हणून सांगायचं? नवं काम, शहरातलं, पहिलंच. मला त्या कामाचं भारी अप्रूप होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझी नजर भिंतीवर गेली. पहिल्या खिळ्यावर नाही. दुसऱ्यावर नाही.

तसंच पांढरं. तोच पोत. आम्हीच तर जुळवून आणलं होतं.

मी स्वतःला म्हटलं, हिला दुसरं आणून देऊ, वेळ आहे अजून. आणि विमलच्या अडीच मीटरातून एक पाठ कापली.

वेळ खरंच होता. पंधरा-सोळा दिवस. पुण्याला एसटी तासातासाला सुटते. सकाळी गेले असते तर दुपारी कापड घेऊन परत आले असते. पण रोज काहीतरी पहिल्या खिळ्याचं निघायचं. बाजारपेठेत दोनदा विचारलं, तसं पांढरं नव्हतं. आणि मग एक दिवस विमलच दारात उभी. "झाला का माझा कुडता?" तिच्या हातात भाषणाचा कागद होता, चार घड्या घातलेला, खिशाच्या मापाचा.

मी म्हटलं, "विमल, कापड कमी पडलं गं."

नाचता येईना अंगण वाकडं, तसं शिंप्याला जमेना की कापड कमी. हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं खोटं. "उद्या या" हे त्याच्या खालचं. "उद्या या" मध्ये दोष निदान आपल्यावर राहतो. "कापड कमी पडलं" मध्ये तो उचलून गिऱ्हाइकावर टाकलेला असतो, आणि हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. जीभ सरावानं चालली. "कापायला घेतलं, तेव्हा कळलं. तुझ्या अंगाला अडीचात बसेना. घेर निघेना, बाह्या निघेनात. आता कापलेल्यातून ब्लाउज करून देते."

ती आरशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझंच अंग सुटलंय. आदी समजाया पायजे हुतं मला. तुमच्या डोक्याला उगं ताप."

तिनं माझी समजूत घातली. माझी! "ऱ्हाऊ द्या ताई, मला मेलीला कशाला कुडता या वयात," असंही म्हणाली, आणि कागद पिशवीत टाकून गाडीला गेली.

मी जयंतीला गेले. जायलाच हवं होतं असं नाही, पण मनात चोर होता, आणि चोराच्या मनात चांदणं. विहाराच्या मांडवात मागं उभी राहिले. निळ्या पताका उन्हात फडफडत होत्या, पांढऱ्या साड्यांच्या रांगा बसल्या होत्या, पोरं सरबताच्या पिंपाभोवती. विमलचं नाव पुकारलं. ती जुन्या पांढऱ्या साडीत आणि मी शिवलेल्या नव्या ब्लाउजात उठली. माईकपुढं उभी राहिली आणि तिचा उजवा हात आपसूक कमरेच्या बाजूला गेला. साडीवरून खाली सरकला, परत वर आला. तिथं खिसा नव्हता. मग तिनं डाव्या मुठीतला कागद उघडला. हात कापत होता, कागद वाजत होता, आणि माईकमधून सगळ्या मांडवाला ती फडफड ऐकू येत होती. बोलली ती. वाचून बोलली, पडक्या आवाजात, आणि निम्म्यातच "जय भीम" म्हणून खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी तिला बोलायला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

या सगळ्याला नंतर मी पुष्कळ कारणं देऊन पाहिली. जत्रेची घाई, पाटलीणबाईंची कटकट, मैथिलीचा फोन. पण एक प्रश्न उरतोच. त्या दिवशी मी पाटलीणबाईंच्या पिशवीला हात लावला असता का? नाही. नुसता विचारही आला नसता. जत्रेचं कापड दुसऱ्या खिळ्याला आणि जयंतीचं तिसऱ्या, हे ठरवलं कुणी? "आपलं माणूस" म्हणून, असं मी म्हणते. पण विमल आपली होती म्हणून तिसऱ्या खिळ्याला होती, की तिच्याकडून बोल यायचा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं म्हणून? आमच्या घरात कुणाला ताटाशेजारी बसवायचं आणि कुणाला दारातून चहा द्यायचा, हे मी लहानपणापासून पाहिलंय. मी तसली नाही, असा माझा मोठा तोरा होता. विमल माझ्या कपातून चहा पिते म्हणून मी स्वतःवर खूश होते. कप वेगळा ठेवला नाही मी कधी. खिळा मात्र वेगळा ठेवला.

फोटो आले ते बघून माझ्या माहेरची वाडी हसली होती. माझा दादा मेंढरं-शेरडं राखतो. त्याच्या माळावर पुण्याची मुलगी पळसाखाली उभी केलेली, आणि दादा मैथिलीला विचारतोय, "आवो बाई, सावली सोडून पोरीला उनात का हुबी केली? भोवळ यील की तिला." एका करडानं कुडत्याचा घेर चघळला तो वेगळाच. पण एक फोटो खरंच सुरेख होता. मुलगी पाठमोरी, लांब डोंगराकडं बघतेय, एक हात खिशात, आजूबाजूला शेरडं. पांढरी पाठ उन्हात नुसती झळकत होती.

तो फोटो मला विमलनंच आणून दाखवला. प्रज्ञानं मोबाईलवर शोधून दिला होता. "बगा ताई, तुमी शिवल्याला! जगभर गेलाय म्हनं. लई झ्याक दिसतोय." तिला माझा अभिमान वाटत होता. तिनं तो फोटो जपून ठेवला, आणि बाकावर बसणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवला. मी मान खाली घालून दोरा ओवत होते. सुईचं नेढं काही केल्या सापडेना.

खोटं एकदाच बोललं आणि संपलं, असं होत नाही. माझं तर दर वर्षी अर्ध्या मीटरनं वाढत गेलं. त्या वसंतानंतर विमलनं कधीही मापाचं कापड आणलं नाही. ब्लाउजला मीटर लागतं, ती दीड आणायची. प्रज्ञाच्या ड्रेसला अडीच, ती तीन. दुकानदार सांगायचा एवढं लागत नाही, तर ही म्हणायची, "असूद्या, आमच्या अंगाला जास्ती लागतं." चेष्टेनं म्हणायची. पण फोटो काढताना मागं उभी राहायला लागली, लग्नात जेवायच्या पंगतीत भात नको म्हणायला लागली. हे सगळं त्याच्यामुळंच, असं मी कशाला म्हणू, बाईच्या जातीला स्वतःच्या अंगाचा राग यायला हजार कारणं असतात. पण त्यातलं एक मी शिवलेलं आहे.

आणि ते उरलेले अर्धे मीटर! पंजापेक्षा मोठा तुकडा गिऱ्हाइकाचा. पण परत दिला असता तर ती म्हणाली असती, उरलं कसं? म्हणून मी ते तुकडे एका पत्र्याच्या पेटीत टाकत गेले. वापरले नाहीत. वापरायची हिंमत नव्हती, द्यायची त्याहून नव्हती. दर वर्षी मामंजींच्या फोटोला हार घालताना ती पेटी माझ्या पायाशी असायची.

आता परवाची गोष्ट. बाहेर ऊन रणरणतंय, स्टँडवर कलिंगडाच्या गाड्या लागल्यात, दादानं फोनवर सांगितलं की माळावरचा पळस यंदा पेटल्यासारखा फुललाय. दुपारी विमल आणि प्रज्ञा आल्या. प्रज्ञानं नर्सिंगचं शिक्षण संपवलं, पुण्यात दवाखान्यात नोकरी लागली, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. पोरीनं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. दोन पँट, तीन कुडते, एक शर्ट, एक जॅकेट. "मावशी, नव्या लेबलचे बघून बघून मी ठरवलंय. एवढ्यात माझं सगळं भागतं. ड्युटीला, बाहेर, घरी. विकत घ्यायला परवडत नाहीत, पण तुम्ही शिवाल ना असेच?" तिनं रंगही विचार करून घेतले होते. मला इतका आनंद झाला त्या पोरीकडं बघून. किती नेमकं ठाऊक होतं तिला, आपल्याला काय हवंय ते.

विमलनं पिशवीतून कापडं काढून टेबलावर रचली. "सगळ्यात अर्धा मीटर जास्ती घेतलंय," ती म्हणाली.

"आई!" प्रज्ञा वैतागली. "सात कपड्यांना साडेतीन मीटर फुकट? मी काय एवढी जाडी आहे का?"

"जाडीचं न्हाई गं. आपल्या घरालाच कापड जास्ती लागतं. ताईंना इचार."

आणि दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

बावीस वर्षांची, काटकुळी पोर. हो म्हटलं असतं तर तिनंही ऐकलं असतं. शिंपीण सांगतेय म्हटल्यावर कोण अविश्वास दाखवणार? तीही जन्मभर दुकानात उभी राहून अर्धा मीटर जास्त मागत राहिली असती, आणि तिची लेकही.

मी पेटी ओढली, टेबलावर ठेवली आणि उघडली. घड्या घातलेले तुकडे एकेक बाहेर काढले. विमलनं ते बघताबघता ओळखले. हा प्रज्ञाच्या दहावीचा, हा तिच्या भावाच्या लग्नातला, हा दोन वर्षांमागचा जयंतीचा. मी म्हटलं, "कधीच जास्त लागलं नाही, विमल. त्या साली पण कमी पडलं नव्हतं. पुण्याच्या कुडत्याची पाठ माझ्या हातानं चुकली, आणि तुझ्या कापडातून मी दुसरी कापली. मग तुला खोटं सांगितलं."

तिनं पिशवीतून मोबाईल काढला आणि तो फोटो उघडला. सहा वर्षांत कितीतरी मोबाईल बदलले असतील, फोटो होता. पाठमोरी मुलगी, पळस, शेरडं. विमलनं दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, मोबाईलभर नुसतं पांढरं होईपर्यंत.

"म्हंजी ही पाठ माझी व्हय?"

"हो."

"मग मी इतकी वर्सं आरशात काय बगत हुते, ताई?"

मी रडले, आणि रडताना मला स्वतःचीच चीड आली, कारण इथंही तिनंच माझी समजूत घालावी अशी माझ्या डोळ्यांची सोय चालली होती. तिनं घातली नाही. बरं केलं.

तिनं माझ्या गळ्यातला टेप ओढून घेतला. आरशासमोर गेली. पदर खोचला आणि स्वतःच छातीभोवती टेप गुंडाळला. प्रज्ञा मदतीला पुढं झाली, तिला हातानं लांब केलं. टेप निसटला, तिनं पुन्हा धरला. श्वास आत ओढला नाही. आकडा मोठ्यानं वाचला.

"लिवा."

मी वही उघडली. तिनं कंबर घेतली, खांदा घेतला, उंची प्रज्ञाला धरायला लावून घेतली, आणि मी एकेक लिहीत गेले.

"कुडता. पांढरा. जयंतीच्या आदी. खिसं दोन्ही बाजूला, खोल." एवढं सांगून तिनं टेप घडी करून टेबलावर ठेवला, तुकड्यांच्या शेजारी. "आन कापड किती लागंल, ते खरं सांगा."

"अडीच मीटर," मी म्हटलं.

"तेवडंच आनलं हुतं मी," विमल म्हणाली.